दोन प्रतिष्ठित रहिवासी

धर्मग्रामातील माणसे धर्मगुरूकडे कोणकोणत्या कागदांसाठी येतात, याची एकदा यादी करावी असे मला वाटते. बाप्तिस्म्याचा उतारा, चारित्र्याचा दाखला, परदेशातील नोकरीसाठी शिफारसपत्र, कर्जासाठी ओळखपत्र. या यादीत एक कागद असा आहे की, तो घेऊन धर्मग्रामस्थ कधीच येत नाहीत. तो पोलीस आणतात. त्याचे नाव पंचनामा. माझ्या धर्मगुरुपणाच्या आजवरच्या वाटचालीत घरझडतीचा पंच होण्याचा प्रसंग माझ्यावर दोनदा आला आणि दोन्ही वेळा ती घरे माझ्या नित्य परिचयाची होती. मी वकील नव्हे. सेमिनरीत चर्चचा कायदा शिकलो, तेवढाच माझा या विद्येशी संबंध. पण कलम कोणतेही असो, ते सावकाश, शब्दाशब्दावर थांबत वाचावे ही सवय तेथे लागली. त्या सवयीने या विषयाचे जे काही वाचले आणि त्या दोन घरांत जे डोळ्यांनी पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला प्रसंग २०१६ च्या पावसाळ्यातला. गावाबाहेरच्या एका बंगल्यात घरफोडी झाली होती. त्या प्रकरणी बावीस वर्षांच्या एका तरुणाला पोलिसांनी दुपारी रेल्वे स्थानकावर अटक केली आणि रात्री साडेआठच्या सुमारास एक उपनिरीक्षक, दोन शिपाई असे त्याच्या घरी झडतीसाठी आले. घरात आई आणि सतरा वर्षांची बहीण. वडील वारलेले. झडतीला दोन पंच हवेत म्हणून एक शिपाई आळीत फिरू लागला. तो पुढे सरकला तसतसे ओट्यावरचे दिवे मालवत गेले. एकाला पहाटेची पाळी होती, एकाचा रक्तदाब वाढला होता, एक जण घरी नसल्याचे त्याने स्वतःच आतून सांगितले! अखेर शिपाई धर्मगुरूंच्या निवासाकडे आला. त्याच्या मागोमाग, डोक्यावर छत्री धरून, एक निवृत्त शिक्षकही आले. ते म्हणाले, "फादर, तुम्ही जाणार असाल तर दुसरा पंच मी होतो. एकट्याने जायचा मात्र धीर होत नाही."

दिवे मालवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पंच व्हावे तर पुढे काही वर्षांनी न्यायालयाच्या खेपा. न व्हावे तर पोलिसांची नाराजी. आणि ज्याच्या घरात शिरून कपाटे उघडायची, त्या शेजाऱ्याशी तर उभा जन्म काढायचा असतो. कायद्याने लेखी आदेश देऊन बोलावले असता सबळ कारणाशिवाय नकार देणे हा अपराध ठरवला आहे. परंतु भीतीपोटी आलेला पंच दाराजवळ उभा राहतो आणि दाखवाल तेथे सही करतो. अशा अनुभवातूनच मग पोलीस ठाण्याभोवती नेहमीचे, ठरलेले पंच तयार होतात. एकच माणूस दहा पंचनाम्यांत दिसू लागतो. न्यायालयात त्याची उलटतपासणी सुरू झाली की, त्याला ते घर आठवत नाही, खोली आठवत नाही, आणि खरी चोरी केलेला माणूसही कधी कधी त्यामुळे सुटतो. कायद्याला असला पंच नको आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये त्याच परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी मागितले होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी कलम १०३ मध्ये ही मागणी कायम आहे. प्रतिष्ठेची व्याख्या कायद्याने केलेली नाही. श्रीमंती, शिक्षण, पद यांचा त्यात उल्लेख नाही. तो माणूस पोलिसांचा अंकित नसावा आणि त्याच्या शब्दाला गावात काही वजन असावे, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. म्हणाली, "पोराला धरलंय म्हणजे आता सगळं घर उघडून द्यायलाच लागणार ना, फादर?"

तिचा हा समज सार्वत्रिक आहे. म्हणून येथे जरा थांबतो. अटक झाली की, अटक झालेल्या माणसाची अंगझडती घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळतो. जुन्या संहितेत हे कलम ५१ होते, आता ते ४९ आहे. अंगावरचे आवश्यक कपडे सोडून बाकी वस्तू पोलीस ताब्यात घेऊ शकतात, पण जे घेतले त्याची पावती त्या माणसाला द्यावी लागते. त्या तरुणाच्या पावतीवर एक मोबाइल, एक पाकीट, एकशे चाळीस रुपये आणि एक जपमाळ अशी नोंद होती. घराची गोष्ट मात्र वेगळी आहे. मुलगा पकडला गेला म्हणून त्याच्या आईच्या कपाटाची किल्ली आपोआप पोलिसांच्या हाती जात नाही. एरवी घराच्या झडतीसाठी न्यायदंडाधिकाऱ्याचे वॉरंट लागते. वॉरंटावाचून झडती घ्यायची तर तपासी अधिकाऱ्याला आधी स्वतःशी विचार करावा लागतो, आणि तो विचार कागदावर उतरवावा लागतो: तपासाला आवश्यक अशी अमुक वस्तू अमुक ठिकाणी आहे असे मानण्यास कोणते कारण आहे, आणि विनाकारण विलंब न होता ती दुसऱ्या मार्गाने का मिळणार नाही. शक्य तेथवर वस्तूचे नाव लिहायचे. शक्यतो झडती स्वतः घ्यायची. हाताखालच्याला पाठवायचे तर त्याची कारणे देऊन लेखी आदेश काढायचा. या नोंदींची प्रत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे धाडायची. हे जुने कलम १६५; नव्या संहितेत ते १८५ झाले आणि प्रत पोहोचवायला जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस तासांची मुदत पडली. घरमालकाने अर्ज केल्यास त्यालाही ती प्रत विनामूल्य मिळते.

उपनिरीक्षकांनी ती नोंद केलेली होती. मी विचारल्यावर त्यांनी वही पुढे केली. चोरीस गेलेले दागिने, एवढाच शोध घ्यायचा होता. मी आईला म्हटले, "मावशी, घर उघडावे लागेल, पण यांना जे शोधायचे आहे ते येथे लिहिलेले आहे. आणि झडती चालू असताना तुम्ही प्रत्येक खोलीत हजर राहायचे. तो तुमचा हक्क आहे." ती पदर सावरून आत वळली. आतापर्यंत तिला वाटत होते की, आपल्याला अंगणात उभे करतील.

उंबरठा ओलांडण्यापूर्वी एक छोटासा विधी झाला. आपल्याकडच्या घरझडतीत तो रूढ आहे. उपनिरीक्षक, शिपाई आणि आम्ही दोघे पंच, सर्वांनी आपापली अंगझडती त्या बाईला दिली. खिसे उलटे करून दाखवले. बाई संकोचून नको नको म्हणत होती. मला मात्र त्या क्षणी उत्पत्तीच्या पुस्तकातला बन्यामीन आठवला. योसेफच्या कारभाऱ्याने त्या पोराच्या गोणीत चांदीचा प्याला आधी आपणच ठेवला, मग रस्त्यात गाठून गोण्यांची झडती घेतली, आणि जेथे ठेवला होता तेथे तो अर्थातच सापडला. त्या कथेचा शेवट गोड आहे, म्हणून आपण तो प्रसंग हसत वाचतो. पण भावांनी आपली वस्त्रे फाडली तो क्षण गोड नव्हता. झडती घेणाऱ्याचे हात आधी रिकामे दिसले पाहिजेत, ही गरज किती जुनी आहे!

त्याच पुस्तकात दुसरीही एक झडती आहे. आपल्या गृहदेवता चोरल्याच्या संशयावरून लाबान याकोबाचे तंबू धुंडाळतो. काहीच हाती लागत नाही तेव्हा याकोब संतापून त्याला म्हणतो की, माझ्या सामानात तुझे जे सापडले असेल ते दोन्हीकडच्या नातलगांपुढे मांड आणि त्यांना निवाडा करू दे. पंच बसवण्याचीच ही भाषा झाली. अर्थात, प्रामाणिकपणे सांगायचे तर, त्या देवता तंबूतच होत्या. राहेल त्यांच्यावर बसली होती आणि याकोबाला त्याचा पत्ता नव्हता. पोलीस दारात आले की ते खोटेच असतात असे मानून चालणाऱ्यांनी ही बाजूही ध्यानी घ्यावी. ज्या वृद्ध दांपत्याचे दागिने गेले होते, तेही रविवारी आमच्याच चर्चमध्ये, तिसऱ्या बाकावर बसत. त्यांचे सोने परत मिळावे ही त्यांची अपेक्षा रास्त होती आणि त्यासाठी कोणाचे तरी घर उघडावे लागणारच होते.

घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत वेदीच्या फळीवर पवित्र हृदयाची तसबीर आणि विजेचा लाल दिवा. एका शिपायाने आत येताना चिखलाचे बूट दारात काढले. धर्माने तो आपला नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो. भांड्यांची फळी झाली, पलंगाखालचे ट्रंक झाले. मुलीचे दप्तर उघडले गेले तेव्हा ती रडू लागली आणि तिने हातातली लहान पिशवी छातीशी घट्ट धरली. शिपायाचा संशय बळावला. मुलीची अंगझडती घ्यावी असे त्याने सुचवले. त्या वेळी शिक्षक शांतपणे म्हणाले, "स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते ना, साहेब?" उपनिरीक्षकांनी ठाण्याला फोन लावला. महिला शिपाई येईपर्यंत चाळीस मिनिटे आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. कोणी बोलत नव्हते. बाईने, सवयीने असेल, चहा टाकला. तो कोणी घेतला नाही. महिला शिपाई आल्यावर दार लोटले गेले आणि दोन मिनिटांत उघडले. पिशवीत त्या वयाच्या मुलीच्या नित्य गरजेच्या वस्तू होत्या. ती त्यांना लाजत होती. कायद्यात सभ्यतेची कसोशीने काळजी घ्यावी असे शब्द आहेत. त्या दिवशी ते शब्द वापरात यायला एका निवृत्त शिक्षकाचा प्रश्न लागला.

आईच्या लोखंडी पेटीत, लग्नाच्या साडीच्या घडीत, दोन सोन्याच्या बांगड्या निघाल्या. चोरीच्या यादीतही बांगड्या होत्या. बाई म्हणाली, "माझ्या लग्नातल्या आहेत." उपनिरीक्षक म्हणाले, "असतील. पण मला न्याव्या लागतील." त्यांचेही खरे होते. येथे मात्र पंचांचे काम सुरू झाले. कायदा सांगतो की, जप्त केलेल्या वस्तूंची यादी करायची आणि कोणती वस्तू कोठे मिळाली ते लिहायचे. मसुद्यात प्रथम ‘घरातून दोन बांगड्या मिळाल्या’ एवढेच आले होते. आम्ही दोघांनी ते वाक्य नीट करून घेतले: आईच्या पेटीत, साडीच्या घडीत, पेटीला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला. त्या आपल्या लग्नातल्या आहेत असे बाईने जागीच सांगितले, हेही लिहून घेतले. शिक्षक उठले आणि भिंतीवरची लग्नाची तसबीर काढून दिव्याखाली आणली. नवरीच्या हातात बांगड्या दिसत होत्या. तसबिरीचाही उल्लेख पंचनाम्यात झाला. मग बांगड्या पाकिटात घालून, वर आमच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवून लाख लावली गेली. यादीची एक प्रत बाईच्या हाती आली. अकरा महिन्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्या बांगड्या सुपुर्दनाम्यावर तिला परत दिल्या. त्या वेळी हीच दोन-तीन वाक्ये आणि ती तसबीर तिच्या वकिलाच्या हाती होती.

कोणी म्हणेल, पंचनाम्यात थोडे कमी-अधिक झाले तरी पुढे न्यायालय आहेच की! या म्हणण्यात एक मोठी फट आहे. अमेरिकेत बेकायदा झडतीत हाती लागलेला पुरावा न्यायालय सहसा स्वीकारत नाही, आणि १९६१ पासून तेथल्या राज्यांच्या पोलिसांनाही तो नियम लागू झाला. आपल्याकडे तसे नाही. पूरणमल खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, झडतीत बेकायदेशीरपणा असला तरी तेवढ्यावरून मिळालेला पुरावा बाद होत नाही. अमली पदार्थांसारख्या काही कायद्यांत अंगझडतीचे नियम अधिक कडक आहेत. परंतु सर्वसाधारण वाट हीच. त्याआधी १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी, झडतीच्या अधिकाराला अडवणारा खासगीपणाचा असा हक्क आपल्या राज्यघटनेत नाही, असे म्हटले होते. ते मत पुसले जायला त्रेसष्ट वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. हा निर्णय थोर आहे. तरी पावसाळी रात्री, दोन खोल्यांच्या घरात, पेटी उघडली जात असताना तेथे नऊ न्यायमूर्ती नसतात. तेथे दोन पंच असतात, किंवा नसतात. नंतर बाद न होणारा पुरावा ज्या घटकेला तयार होतो, त्या घटकेलाच तो खरा आहे की नाही हे पाहणारा कोणी हवा.

आता कॅमेराही असतो. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्ती यांचे, यादी तयार होण्यापासून तिच्यावर पंचांच्या सह्या होईपर्यंत, ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते, शक्यतो मोबाइलवरच, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे लागते. मला हा बदल मनापासून स्वागतार्ह वाटतो. ठरलेल्या पंचांची सद्दी त्याने कमी होईल अशी आशा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत दुसऱ्यांदा पंच झालो, तेव्हा हे चित्रीकरण जवळून पाहिले.

प्रकरण मोबाइलवरून झालेल्या फसवणुकीचे होते. त्यात अटक झालेला थोरला मुलगा तेथेच राहत होता. घरी आई, आणि बारावीच्या परीक्षेला बसलेला धाकटा. शिपाई तरुण होता, नम्र होता. तो कपाटाचे चित्रण करी, तेव्हा पलंगाकडे कॅमेरा नसे. पलंगाचे करी तेव्हा कपाट सुटे. यात त्याचा काही दोष नव्हता; एका वेळी एकीकडेच पाहता येते. म्हणून मी आणि दुसरे पंच, दूध संकलन केंद्रावरचे एक गृहस्थ, दोन बाजूंना उभे राहिलो. न आवरलेले अंथरूण, दोरीवरची ओली लुगडी, औषधांच्या बाटल्या, सारे त्या चित्रात जात होते. बाई हळूच म्हणाली, "फादर, हे कोण कोण बघणार?" मी म्हणालो, "न्यायालय बघेल, मावशी." तिला ते पुरेसे वाटले नाही, आणि मलाही नाही.

थोरल्याचा संगणक जप्त झाला. मग आईचा मोबाइल मागितला गेला, कारण त्यावर मुलाचे काही निरोप आले होते. मोबाइल ही वस्तू पाहायला वितीएवढी. पण तिच्यात मावते ते एखाद्या वाड्यात मावणार नाही. २०१४ साली रायली खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की, अटक झालेल्याच्या खिशातला मोबाइल ताब्यात घेता येईल, पण त्यातला मजकूर पाहायला सर्वसाधारणपणे वॉरंट लागेल. आपल्याकडे इतकी स्वच्छ रेषा अद्याप आखली गेलेली नाही. त्या मोबाइलमध्ये बाईच्या दिवंगत नवऱ्याचा आवाज होता, कुवेतमधल्या लेकीचे फोटो होते, दवाखान्याचे कागद होते. अधिकाऱ्यांनी मोबाइलचा पंधरा आकडी क्रमांक मोठ्याने वाचला. दुसऱ्या पंचांनी तो आकड्याआकड्याने ताडून पाहिला. नवव्या ठिकाणी सहाचा आठ झाला होता, तो दुरुस्त करून शेजारी आम्ही सह्या केल्या. मोबाइल बंद करून पाकिटात गेला. लेकीचा नंबर बाईला तोंडपाठ नव्हता. तो आधी एका वहीच्या पानावर उतरवून घेऊ द्यावा, ही विनंती अधिकाऱ्यांनी मान्य केली.

यादीची प्रत तिला तेथेच मिळाली. अक्षर गिचमिड, भाषा कचेरीची. तिसऱ्या दिवशी ती प्रत घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सगळं वाचून दाखवा." मी सुरुवातीपासून वाचू लागलो. तारीख, वेळ, पंचांची नावे, अंगझडती, बाहेरची खोली, संगणक, मोबाइल, पंधरा आकडे. मग धाकट्याच्या कपाटाची आणि टेबलाची नोंद आली: पाहणी केली असता आक्षेपार्ह असे काहीही मिळून आले नाही. तिने हात वर करून मला थांबवले.

"एवढंच परत वाचा, फादर."

मी परत वाचले. तिने कागद माझ्या हातून घेतला, त्या ओळीवर बोट ठेवले, आणि ती ओळ कोठे सुरू होते, कोठे संपते, ते मला दाखवायला सांगितले.